त्या घरात भांडता येतं का?

लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, केरळला जातात, चार पैसे साठले तर सिंगापूरला जातात. मी २००७च्या डिसेंबरात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर बघून आले. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा भूगोलाचे सर म्हणाले, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "एक घर." मी फ्लॅट घेतेय असं समजून त्यांनी लगेच अभिनंदन केलं आणि पेढे मागितले. कराडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईचा पगार त्यांना चांगला ठाऊक आहे, पण पेढ्यांपुढे माणूस हिशेब विसरतो.

बाहेर सांगायचं कारण परिसंवादाचं होतं. उल्हासनगरच्या एका कॉलेजाने 'उगवत्या अर्थव्यवस्थांचं भवितव्य : उत्पादनापलीकडचे निकष' असा भारदस्त विषय ठेवला होता आणि मला निबंध वाचायला बोलावलं होतं. त्या वर्षांत वर्तमानपत्र उघडलं की आपला देश कुठल्या ना कुठल्या पानावर उगवत असायचा. आमच्या कराडला मात्र भारनियमनामुळे निम्मा दिवस दिवे मावळलेले असत, त्यामुळे ती बातमी बरेचदा मेणबत्तीवर वाचावी लागे.

खरं कारण माझी भाची रोहिणी. दादाची धाकटी मुलगी, इथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तिला बदलापूरच्या जाधवांच्या नितीनचं स्थळ आलं होतं. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि त्याबरोबर पत्रिका, मुहूर्त, नवस, सगळं गाठोड्यात बांधून टाकून दिलं. फार चांगलं केलं. पण ग्रहांवरची जबाबदारी काढून घेतली की ती कुणावर तरी पडतेच. आमच्याकडे ती आत्यांवर पडते. मुलाकडची चौकशी करायची, शेजारीपाजारी, कामाच्या ठिकाणी गुपचूप विचारून यायचं, हे काम माझं.

थोरल्या मंगलच्या वेळी मात्र दादाने मला पाठवलं नव्हतं. त्याने मुलाचा पगार विचारला, पुण्यातल्या फ्लॅटचे चौरस फूट विचारले आणि होकार देऊन टाकला. मंगल लहानपणी इतकी बडबडी होती की तिला गप्प करायला आम्ही शेंगदाणे द्यायचो. आता ती माहेरी आली तरी उत्तर देण्याआधी नवऱ्याकडे बघते. त्या घरात कुणी तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त तिच्याकडून एखादा शब्द उलटा गेला की आठ-आठ दिवस तिच्याशी कुणी बोलत नाही, तिने केलेला चहा कुणी घेत नाही. असे काही आठवडे गेल्यावर माणूस आपोआप कमी बोलतो.

एसटी स्टँडवर मला सोडायला आलेली रोहिणी म्हणाली, "आत्या, पगार-बिगार बाबा विचारतीलच. तू एवढंच बघून ये. त्या घरात भांडता येतं का?"

"भांडता?"

"म्हणजे भांडल्यावर माणूस शिल्लक राहतो का. नितीन फोनवर चांगला बोलतो. पण फोनवर सगळेच चांगले असतात. तू हो म्हणालीस तर माझं हो, तू नाही म्हणालीस तर नाही."

गाडी सुटली. माझ्या पिशवीत उगवत्या अर्थव्यवस्थांवरचा निबंध होता आणि डोक्यात हा प्रश्न. दोन्हींपैकी अवघड कुठला, ते मला पुसेसावळी फाट्याच्या आतच कळलं होतं.

उल्हासनगर

परिसंवादाची सुरुवात नाश्त्याने झाली, आणि खरं सांगायचं तर तो त्याचा सर्वोत्तम भाग होता. दाल-पकवान. कडकडीत तळलेली मोठी पुरी आणि तिच्यावर घट्ट डाळ, कांदा, चिंचेचं पाणी. आम्ही देशावरची माणसं डाळ भातावर घेतो, फार तर भाकरीबरोबर. ती अशी पापुद्र्यावर चढवून सकाळी सकाळी खायची असते हे मला ठाऊक नव्हतं. मी दोन खाल्ली आणि मानवी विकासाविषयी माझं मत एकदम आशावादी झालं.

पहिले वक्ते मुंबईहून आले होते. त्यांनी भिंतीवर एक रेषा दाखवली. ती डावीकडून उजवीकडे वर चढत होती आणि देश कुठे चाललाय ते दाखवत होती. ती बरीच वर गेली असताना दिवे गेले आणि रेषा भिंतीत विरून गेली. संयोजक म्हणाले, "सर, बिना लाइटचं बोला ना." सरांना बिना लाइटचं बोलता येईना. कराडात वीज जाते, पण वेळापत्रक लावून जाते. इथे ती पाहुण्यासारखी न सांगता उठते.

मग मी उभी राहिले. माझा निबंध कागदावर होता, त्यामुळे उजेडासाठी खिडकीशी जाऊन वाचला. उत्पादन किती वाढलं यावरून देशाचं पुढे काय होणार ते कळत नाही, नळाला पाणी किती वाजता येतं, मुली कुठल्या इयत्तेपर्यंत टिकतात, बाईने कमावलेलं बाईच्या हातात राहतं का, हे बघा, असं माझं म्हणणं. पहिल्या रांगेत कॉलेजचे एक वयस्कर सिंधी विश्वस्त बसले होते. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, बात अच्छी है. पण मालच नाही बनला तर पाणी, शाळा कहाँ से आएगा?"

मी म्हटलं, "आणि माल बनला, पण पोर शाळेत गेलंच नाही तर?"

"तो दुकान पे बैठेगा," ते शांतपणे म्हणाले.

सभागृह हसलं. अध्यक्षांनी त्या हशाचा फायदा घेऊन जेवणाची सुट्टी जाहीर केली आणि उगवत्या अर्थव्यवस्थांचं भवितव्य तिथेच राहिलं.

दुपारी मी चौकशीला निघाले. दादाला कुणीतरी सांगितलं होतं की जाधवांची थोरली सून उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सचा काहीतरी धंदा करते. नाव ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पत्ता म्हणजे मारुतीच्या मागे, पिंपळाजवळ. इथे तो बराकीच्या नंबरावर चालतो. फाळणीनंतर आलेल्या माणसांना लष्कराच्या बराकींत उतरवलं होतं, त्या बराकींची पुढे घरं, दुकानं, कारखाने झाले, पण नंबर तसेच राहिले. शेअर रिक्षावाल्याने मला अशाच एका नंबरावर उतरवलं. गल्लीत दोन्ही बाजूंना शिलाईची मशिनं खडखडत होती, पँटींचे ढीग दारापर्यंत आले होते आणि गटारातून निळंशार पाणी वाहत होतं. रस्त्यात एक टेम्पो आडवा अडकला होता आणि पंजाबी ड्रेस घातलेली, कमरेला ओढणी बांधलेली एक बाई त्याच्या ड्रायव्हरला धुवत होती.

"ओ भाई, आँखें घरपे रखके आया क्या? मागे घे, मागे! माझी गाठोडी गटारात गेली ना, तर तुलाच पिळून वाळत घालीन!"

टेम्पो मुकाट्याने मागे गेला. मला ती बाई फार आवडली. रोहिणी आणखी दहा वर्षांनी अशीच दिसेल असं वाटलं.

तिच्याच कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून एक सिंधी बाई बसल्या होत्या. पुष्पाभाभी, दोघींची भागीदारी होती. मी थेट लग्नाचा विषय कसा काढायचा म्हणून गाडी आडवळणाने नेली. नऊवारी नाही, पण सुती साडी, चष्मा, खांद्याला पिशवी असा माझा अवतार. आणि तोंडातून वर्गातलाच प्रश्न बाहेर पडला. "रोज साधारण किती माल निघतो इथे?"

मशिनं थांबली. आधी इथली, मग समोरची, मग पुढची. शेजारचं शटर खाली आलं. पुष्पाभाभी उभ्या राहिल्या.

"माल? कैसा माल? मॅडम, ये तो अपना घर है."

"आणि ही सगळी माणसं?"

"पाहुणे आहेत," कमरेला ओढणी बांधलेली बाई म्हणाली. "सत्यनारायण आहे."

मशिनांवर बसलेली सगळी पोरं मान डोलावून पूजेला आल्यासारखी हात जोडून बसली. एकाच्या मांडीवर पँटीचा अर्धवट शिवलेला पाय होता, तो त्याने हळूच खाली सरकवला. मी बावीस वर्षं राष्ट्रीय उत्पादन शिकवतेय. ते एका प्रश्नाने शून्यावर येतं हे त्या गल्लीत पाहिलं.

मला टॅक्सवाली समजले होते. मी घाईघाईने सांगितलं की मी मास्तरीण आहे, कराडहून आलेय, भाचीचं लग्न ठरवायचंय, बदलापूरच्या जाधवांची चौकशी करतेय.

"शादी का है? पहले बोलना था ना!" पुष्पाभाभी ओरडल्या. शटर वर गेलं. मशिनं सुरू झाली. सत्यनारायण मोडला. माझ्यासाठी खुर्ची आली, आणि बशीत भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गुळपाणी देतात, यांच्याकडे पापडपाणी. पापड तिखट निघाला, त्यामुळे पाणी किती मोलाचं ते लगेच पटलं.

"जाधवांची थोरली सून इथेच कुठे धंदा करते म्हणे," मी विचारलं. "कशी आहे?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ओढणीवाली म्हणाली, "ती? ओळखते ना. एकदम गरीब. गाय आहे, गाय. तोंडातून शब्द नाही. सासूसासऱ्यांपुढे मान वर नाही करत."

पुष्पाभाभींच्या घशात पापड अडकला आणि त्या बराच वेळ खोकत राहिल्या.

मी उठले तेव्हा मन खट्टू झालं होतं. जिथली सून अशी मान खाली घालून राहते त्या घरात आमची रोहिणी आठवडाभर तरी टिकेल का, असं मनात येत होतं.

अंबरनाथ

नितीन अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कंपनीत काम करतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. हवेत कसलातरी वास होता, सडक्या अंड्यांवर अत्तर शिंपडल्यासारखा. टपरीवाला वडे तळत होता. मी तोंड उघडण्याआधीच त्याने विचारलं, "मुलीकडच्या का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मुलाकडचे दोघं येतात आणि आधी कंपनी केवढी ते बघतात. मुलीकडचे एकटे येतात आणि वडा घेतात. नाव काय मुलाचं?"

मी सांगितलं. त्याने झारा बाजूला ठेवला आणि कविता म्हणावी तसं म्हटलं, "मुलगा निर्व्यसनी, स्वभाव शांत, घर माणसांचं, बिनधास्त द्या."

मला समाधान वाटलं. तेवढ्यात शेजारच्या बाकड्यावर एक गृहस्थ येऊन बसले, वडा घेतला, आणि दबक्या आवाजात कुणा महेशविषयी विचारलं. टपरीवाला म्हणाला, "मुलगा निर्व्यसनी, स्वभाव शांत, घर माणसांचं, बिनधास्त द्या."

ते गृहस्थ गेल्यावर मी रागावले. "अहो, सगळ्यांना एकच सर्टिफिकेट?"

"मॅडम, खरं सांगितलं तर गिऱ्हाईक तुटतं. मुलगा पण इथेच चहा पितो, त्याचा साहेब पण, उद्या लग्न झालं तर सासरा पण. मी वाईट कोणाचं बोलू?" मग माझा चेहरा बघून त्याने एक वडा जास्त ठेवला. "नितीनचं खरं सांगतो. उधारी नाही ठेवत. आणि फोन आला की तिकडे भिंतीकडे तोंड करून हसत उभा राहतो. कोणाचा येतो माहीत नाही."

मला माहीत होतं. पण यातून मुलगा कळला, घर कळलं नाही. लग्न झाल्यावर रोहिणीला फोनमध्ये राहायचं नव्हतं.

वेळ होता म्हणून शिवमंदिर बघितलं. पूजेसाठी नाही, दगडांसाठी. इतकं बारीक कोरीवकाम की डोळे दुखले. हजारेक वर्षांचं देऊळ, पण वर शिखर नाही. अर्धवट राहिलं की पडलं, यावर तिथे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांचा वाद चालू होता. एक म्हणाला, "अजून व्हायचंय ते." मुंबईच्या त्या वक्त्यांना ही भाषा फार आवडली असती. शेजारून वालधुनी नदी वाहते. तिचा रंग मी काल कॅम्प चारच्या गटारात पाहिलेला होता.

बदलापूर

बदलापूरला स्टेशनबाहेर पडलं की थोडं गाव, मग थोडी भातखाचरं, मग अचानक सात मजले, मग पुन्हा खाचरं असं दृश्य दिसतं. डिसेंबर असल्याने खाचरांत कापलेल्या भाताचे खुंट होते आणि त्यांच्यात रोवलेल्या पाट्यांवर निळे तलाव आणि गोरी मुलं रंगवलेली होती.

जाधव पश्चिमेला राहतात. नितीनचे वडील मला घ्यायला स्टेशनवर आले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. अंबरनाथच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले. "जय भीम, ताई," म्हणत त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. इमारतीच्या जिन्यात त्यांनी दोन वर्षांपूर्वीच्या पुराच्या पाण्याची खूण दाखवली. माझ्या डोक्याच्या वर होती. "तळमजल्याची सगळी बिऱ्हाडं आमच्या वरच्या खोल्यांत होती. एका चुलीवर जेवलो. तेव्हापासून कोण कसं घोरतं ते सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले.

घर स्वच्छ. फळीवर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्ती. नितीनची आई, माई, हसतमुख. नितीन खुर्चीच्या कडेवर बसलेला, जणू खुर्ची दुसऱ्याची आहे. थोरला मुलगा कामावर होता. मी म्हटलं, "आणि सूनबाई?"

"सारिका," माईंनी हाक मारली.

स्वयंपाकघरातून जरीकाठाच्या साडीत, डोक्यावर पदर, मान खाली, हातात पोह्यांचा ट्रे, अशी सून आली. तिने वाकून माझ्यासमोर बशी ठेवली आणि मी तिचं तोंड पाहिलं. कॅम्प चारची टेम्पोवाली! तिनेही माझ्याकडे पाहिलं. मग नजर खाली घालून ती इतक्या बारीक आवाजात "घ्या ना" म्हणाली की मला ओठांवरून ओळखावं लागलं.

माझ्यासमोर दोन शक्यता होत्या. एक तर ही बाई माझ्यापुरतं सोंग करत होती. नाहीतर बाहेर टेम्पो हलवणारी बाई या उंबऱ्याच्या आत आली की खरोखरच अशी होत होती. मंगल तरी काय, कॉलेजात वक्तृत्वाचा चषक मिळवलेली मुलगी आहे.

आणि बघायचं कसं? पाहुण्यासमोर कुठल्या घरात भांडण होतं? पाहुणा येणार म्हटलं की देशसुद्धा डोक्यावर पदर घेतो, झोपड्यांपुढे पडदे लावतो, रस्त्याच्या कडा चुन्याने रंगवतो. मग बाहेरचे तज्ज्ञ येतात, पोहे खातात आणि भवितव्य उज्ज्वल आहे असं लिहून जातात. माझ्या निबंधात चौदा पानं निकष होते. त्यांतला एकही त्या सोफ्यावर बसून वापरता येत नव्हता.

शेवटी ठरवलं, आपणच काडी टाकायची.

चहा आला. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, "पाणचट झालाय."

चहा फक्कड होता. पण माई म्हणाल्या, "हो का? लगेच दुसरा टाकते." सारिका ट्रे घेऊन मुकाट्याने आत गेली.

मी म्हटलं, "बदलापूर फारच लांब पडतं हो. इथे माणसं का राहतात तेच कळत नाही."

आतापर्यंत मी जो बदलापूरकर पाहिलाय तो अशा वेळी हवा, पाणी, धरण, जांभळं आणि स्टेशनपासूनचं अंतर यांवर निदान अर्धा तास बोलतो. अप्पा कष्टाने गिळत म्हणाले, "खरंय तुमचं." नितीनने वडिलांकडे असं पाहिलं, जणू त्यांना ताप आलाय.

दुपारी जेवायला बसलो. पूर्वी मुलीकडचे लग्न ठरेपर्यंत मुलाकडे जेवत नसत. आमच्या घराने ती रूढी सोडली त्याबद्दल त्या दिवशी मी पूर्वजांचे आभार मानले. जाधव मूळचे महाडकडचे. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, वालाचं बिरडं आणि मटणाचा रस्सा. आमची ज्वारीची भाकरी पोटात बसते, ही जिभेवरच विरते. सारिका वाढत होती आणि तिचा पदर दर दोन मिनिटांनी रश्श्यात पडत होता. मी भाकरी मोडली आणि शेवटचा दगड टाकला.

"आमच्या रोहिणीला लग्नानंतर लॅबची नोकरी सोडावीच लागेल, नाही का?"

अप्पा गोड हसले. "तुम्ही म्हणाल तसं, ताई. सोडेल ना. घरात काय कमी आहे?"

संपलं, असं वाटलं. कराडला जाऊन नाही म्हणून सांगायचं, आणि तो भिंतीकडे तोंड करून हसणारा मुलगा... तेवढ्यात ओगराळं पातेल्यात आदळलं.

"काय बोलताय अप्पा तुम्ही?" हा आवाज टेम्पोचा होता. "सोडेल? नोकरी आहे ती, रेशनची रांग आहे काय मधूनच सोडायला?"

अप्पा दबकून म्हणाले, "सारिका, पाहुणे बसलेत."

"म्हणून तर बोलते! उद्या ती पोरगी घरात रडत बसली की तुम्ही पेपर तोंडासमोर धरणार, आणि समजवायला मी!"

"अगं, पदर..." माई म्हणाल्या.

"खड्ड्यात गेला पदर! सकाळपासून रस्सा पितोय तो!" तिने पदर काढून कमरेला खोचला.

आता अप्पाही पेटले. "हे सोंग ठरवलं कोणी? तूच ना? देशावरची माणसं आहेत, त्यांना गरीब सून लागते, उलट बोलू नका! माईची साडी तूच मागितलीस!"

"मी साडीचं ठरवलं होतं, नोकरीचं नव्हतं ठरवलं!"

"तिचं बरोबर आहे," माई भाकरी थापटत म्हणाल्या. "तुमची सवयच आहे, आधी हो म्हणायचं, मग डोकं चालवायचं. मी बालवाडीत शिकवायला लागले तेव्हा पण असंच केलंत."

"म्हणजे आता ते जुनं पण उकरणार?"

"उकरणार. जपून ठेवलंय मी."

"मला कोणी विचारणार आहे का?" नितीन म्हणाला.

"नाही!" तिघंही म्हणाले.

तरी तो बोललाच. मान खाली, पण आवाज स्वच्छ. "तिने नोकरी सोडायची असेल तर मला नाही करायचं लग्न. ती निम्मा वेळ तिच्या लॅबबद्दलच बोलते. ते बंद झालं तर आम्ही बोलणार काय?"

अप्पांनी ताट पुढे ढकललं. "बरं! म्हणजे या घरात मी तोंडच उघडायचं नाही!" आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मंगलच्या घरी हाच क्षण असतो. इथूनच ते आठ दिवस सुरू होतात.

सारिकाने ओगराळं भरलं. चेहरा अजून लालच होता. "भात घ्या," ती फणकाऱ्याने म्हणाली. "आणि रस्सा संपवा. उरला की तुम्हीच म्हणणार मीठ जास्त झालं."

अप्पांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच एका हाताने ताट तिच्याकडे सरकवलं. "जास्तच आहे."

"असू दे. खा."

तिने वाढलं, त्यांनी खाल्लं. दोन घासांनी ते वळले आणि माईंना म्हणाले, "बालवाडीला मी नंतर हो म्हटलं होतं, ते पण सांग ना ताईंना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी रस्सा तिखट आहे असं सांगितलं. आयुष्यात इतकं देखणं भांडण मी पाहिलं नव्हतं. निबंधातल्या सगळ्या निकषांच्या वर मला आता एकच लिहायचं होतं. धाकट्या माणसाने थोरल्याला नाही म्हटल्यावर त्याच्या वाट्याला काय येतं ते बघा. घराचं बघा आणि देशाचंही तेच बघा.

मग सगळ्यांना माझी आठवण झाली. चौघांचेही चेहरे पडले. माई हात जोडून म्हणाल्या, "ताई, मनावर घेऊ नका हो. आमच्याकडे असं कधी होत नाही."

"कधीच होत नाही?" मी घाबरून विचारलं.

सारिकाने माझ्याकडे नीट पाहिलं. ती धंद्यातली बाई, गिऱ्हाइकाला काय हवंय ते तिला कळलं. "खरं सांगू? रोज होतं," ती म्हणाली. "रविवारी दोनदा."

मी ताट पुढे केलं आणि आणखी रस्सा मागितला.

निघताना अप्पांनी स्टेशनपर्यंतच्या वाटेवर बदलापूरची हवा, पाणी, धरण आणि जांभळं यांवर मला यथासांग ऐकवलं. मी सगळ्याला हो म्हटलं.

कराड

घरी पोचले तेव्हा मंगलही आली होती, दोन दिवसांसाठी, एकटीच. उंबऱ्याशी बसून वाटाणे सोलत होती. मी पाय धुऊन टेकले न टेकले तोच दादाने विचारलं, "हां. पगार किती?"

मी पिशवी धुंडाळली, मग डोकं धुंडाळलं. "दादा, विचारायचा राहिला."

"राहिला?" त्याने कपाळाला हात लावला. "अर्थशास्त्राची प्राध्यापक! मग एवढे दिवस केलंस काय तिकडे?"

"बाबा, तो मला माहीत आहे, मी सांगते नंतर," रोहिणी म्हणाली. ती माझ्यासमोर येऊन बसली. पोरगी एरवी कुणाला भीत नाही, पण तेव्हा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आत्या, माझं सांग. येतं?"

"येतं," मी म्हटलं. "आणि माणूस शिल्लक राहतो. वर पोटभर जेवतो."

मग मी सगळं सांगितलं. टेम्पो, पदर, ओगराळं, भिंतीकडे तोंड केलेले अप्पा. रोहिणी आधी हसली, मग नितीनचं वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं, मग बोटाला गुंडाळलेलं टोक सोडून म्हणाली, "माझं हो."

दादाला काही ते रुचलं नाही. "आणि हे तू कौतुकाने सांगतेस? सून सासऱ्यावर ओरडते! आपल्या घरात आजवर कुणाचा आवाज चढलेला ऐकलायस?" हे तो अभिमानाने म्हणाला. खरंही होतं. आमच्या घरात दादाच्या शब्दापुढे कुणी शब्द टाकत नाही. मीही नाही.

"बाबा," मंगल म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. पण सोलायचं थांबली होती. "माझ्या वेळी आत्याला का नाही पाठवलंत?"

दादाने आजूबाजूला पाहिलं, जणू प्रश्न दुसऱ्या कुणाला होता. मग म्हणाला, "तुला काय कमी आहे, मंगल? एवढं मोठं घर, गाडी..."

"सांगू?"

दादा चपला शोधायला लागला. बाहेर काहीतरी काम आठवलं होतं त्याला.

"बसा, बाबा," मंगल म्हणाली.

मला वाटलं तो जाणार. पण त्याने तिच्याकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी पाहावं तसं, आणि उंबऱ्याशीच तिच्यासमोर खाली बसला. मंगल दिवेलागणीपर्यंत बोलत राहिली.